मणका ‘बसवून’ घेण्याआधी

“डॉक्टरसाहेब, माहा मणका सरकला हाये, कुठी बसवून भेटन?” हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. अमरावती असो की अकोला, आपल्या वऱ्हाडात कंबर धरली की माणूस दवाखान्यात नंतर येतो. आधी पायाळू माणूस शोधून त्याची लाथ पाठीला लावून घेतो, नाही तर तालमीतल्या वस्तादाकडे जातो. मानेचे काम तर न्हावीच करतो, दाढी झाली की दोन्ही बाजूंना एकेक झटका! अलीकडे यात मोबाईलवरच्या चित्रफितींची भर पडली आहे. पांढरा कोट घातलेला ‘कायरोप्रॅक्टर’ रुग्णाला कुशीवर वळवतो, कडकड आवाज होतो, रुग्ण हसत उठतो. पण वाचकहो, त्या चित्रफितीत एक गोष्ट सहसा दाखवत नाहीत. झटका देण्यापूर्वी त्या माणसाने काय तपासले, ही ती गोष्ट होय.

कायरोप्रॅक्टिक ही पद्धत अमेरिकेत आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट गावी १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली. हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराची पाठ त्यांनी दाबली आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, अशी कथा सांगतात. कानाची नस कवटीच्या आतूनच मेंदूला जाते, पाठीतून नाही. तेव्हा ही कथा कथा म्हणूनच ऐकावी. मणका थोडा जागचा हलला की सगळे रोग होतात, हे पामर यांचे मतही पुढे सिद्ध झाले नाही. मात्र कंबरदुखीच्या काही रुग्णांना हाताने केलेल्या या उपचाराने थोडाफार आराम पडतो, हे मान्य करायला हरकत नाही. व्यायाम आणि इतर साध्या उपायांनी पडतो साधारण तेवढाच.

अमेरिकेत या व्यवसायासाठी अनेक वर्षांचे शिक्षण आणि परवाना लागतो. तेथला चांगला कायरोप्रॅक्टर, किंवा आपल्याकडचा चांगला फिजिओथेरपिस्ट, पहिली दहा-पंधरा मिनिटे रुग्णाच्या पाठीला हातही लावत नाही. तो विचारतो. दुखणे केव्हापासून आहे? पडलात का? विश्रांती घेतल्यावर कमी होते की रात्री जास्त ठणकते? संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन उतरले का? पूर्वी कर्करोग झाला होता का, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का? लघवी-शौचावरचा ताबा कमी झाला का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का? बायकांना पाळी केव्हा गेली हेही विचारतात, कारण त्यानंतर हाडे ठिसूळ होत जातात आणि ठिसूळ मणक्यावर जोर दिला तर तो पिचतो.

हे प्रश्न परदेशापेक्षा आपल्याकडे जास्त मोलाचे आहेत. कारण आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून भरपूर आहे. माझ्याकडे आलेल्या एका शेतमजूर बाई मला नेहमी आठवतात. कापूस वेचून वेचून कंबर गेली असेच त्या आणि घरचे समजत होते. दोन महिन्यांत दोन ठिकाणी पाठ चोळून झाली होती, तिसऱ्या ठिकाणी ‘झटका’ देऊन घ्यायचे ठरले होते. “रातच्याले लय ठणकते, कसकसही वाटते,” एवढे त्या सहज बोलल्या. पाठीच्या मध्यावर एकेका मणक्यावर मी बोटाने हलकेच ठोकत गेलो, तर एका जागी त्या कळवळल्या. तेथे किंचित उंचवटाही लागत होता. एमआरआय आणि पुढच्या तपासणीत क्षय निघाला. असा मणका आतून पोखरलेला असतो. त्यावर जोर पडला तर तो खचून मज्जारज्जूवर दाब येतो आणि दोन्ही पाय जाऊ शकतात. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मणक्याच्या क्षयात ती वर्षभर, कधी अधिकही घ्यावी लागतात. बाईंनी ती पूर्ण घेतली आणि आज त्या चालत्याफिरत्या आहेत.

प्रश्न झाले की बघणे. रुग्ण खोलीत कसा चालत आला, खुर्चीवरून कसा उठला, येथूनच तपासणी सुरू होते. सदरा काढून पाठमोरे उभे करतात. खांदे आणि कमरेची हाडे समान उंचीवर आहेत का ते पाहतात. पुढे वाकवले असता एका बाजूच्या फासळ्या वर आल्या तर पाठीचा कणा पिळलेला आहे असे समजावे. मग नसांची तपासणी. उताणे झोपवून, गुडघा न वाकवता एकेक पाय वर उचलतात. कळ गुडघ्याखाली पोटरीत उतरली तर नस दबल्याचा संशय येतो. पायाचा अंगठा जोर लावून वर करता येतो का, चवड्यांवर चालता येते का, हातोडीने ठोकल्यावर गुडघा आणि घोटा उसळतो का, कोठे स्पर्श कळत नाही का, हे सारे पाहायला पाच मिनिटे पुरतात. पण कोणती नस कोठे दबली याचा अंदाज त्यातून येतो.

यानंतर बोटांनी चाचपणे. कोणता सांधा आखडला, कोठे स्नायू ताठरले हे हाताला जाणवते, असे या व्यवसायातील लोक सांगतात. येथे मी थोडा साशंक आहे. एकाच रुग्णाला दोन तपासनिसांनी चाचपले तर दोघे वेगवेगळ्या मणक्यावर बोट ठेवतात, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. पालथे झोपवून ‘तुमचा एक पाय आखूड आहे’ असे सांगण्याची पद्धतही तशीच कच्ची आहे. तेवढ्यावरून कोणी वीस बैठकींचे पैसे आगाऊ मागितले तर सरळ उठून यावे.

आणि तो ‘कड’ आवाज? तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा असतो. बोटे मोडताना येतो तोच. बहुतेकांचा मणका ‘सरकलेला’ नसतोच. दोन मणक्यांमधली गादी फुगलेली असते किंवा नुसता स्नायू आखडलेला असतो. ज्यांचा मणका खरोखर पुढे सरकून अस्थिर झाला आहे, त्यांना तर झटका वर्ज्यच.

मानेबाबत मी अधिक कडक आहे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. जोराच्या झटक्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. ती विरळा आहेत, पण आहेत. चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलताना अडखळणे किंवा अचानक सुरू झालेली तीव्र मानदुखी असेल तर मान कोणाच्याही हाती देऊ नये. न्हाव्याच्या तर कधीच नाही.

आपल्या देशात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी सरकारी परिषद नाही, त्यामुळे पाटीवरून शिक्षण कळत नाही. फिजिओथेरपिस्टकडे मात्र राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारायला संकोच करू नका. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते, दर वेळी एक्स-रेही लागत नाही. सहा आठवडे होऊनही दुखणे हटले नाही, किंवा वर सांगितलेले काही आढळले, तर अमरावतीत इर्विन आणि अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहेच. लघवी अडली किंवा पायातली शक्ती जाऊ लागली तर मात्र सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री निघा.