झाडू, झेंडा आणि कॅमेरा

ठिपक्यांचा झगा घातलेली एक काळी बाई. डोळ्यांवर चष्मा, हातात झाडू, बाजूला फरशी पुसण्याचा दांडा आणि मागे अमेरिकेचा भलामोठा राष्ट्रध्वज. गॉर्डन पार्क्स यांनी १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये घेतलेले हे छायाचित्र आज जगभर ओळखले जाते.

पार्क्स यांचा जन्म १९१२ सालचा, कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट गावचा. पंधरा भावंडांत ते धाकटे. काळ्या मुलांची प्राथमिक शाळा वेगळी. आई लवकर वारली, बहिणीकडे आश्रयाला गेले तर मेहुण्याने घराबाहेर काढले. रेल्वेच्या डब्यात वेटरचे काम करताना एका मासिकात स्थलांतरित मजुरांचे फोटो त्यांच्या पाहण्यात आले. मग गहाणवटीच्या दुकानातून त्यांनी जुना कॅमेरा घेतला.

शिष्यवृत्ती मिळवून ते राजधानीत एका सरकारी खात्यात दाखल झाले. तिथे हॉटेल, सिनेमागृह, दुकान, सगळीकडे रंगामुळे अपमान झाला. संतापलेल्या पार्क्सना वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांनी सांगितले की, याच कचेरीत झाडलोट करणाऱ्या बाईंशी बोलून बघ. त्या एला वॉटसन. पगार वर्षाला १०८० डॉलर.

आम्हांला मोठे वाटते ते पुढचे. एक गाजणारा फोटो काढून पार्क्स निघून गेले नाहीत. बाईंचे घर, नातवंडे, प्रार्थनास्थळ, सारे त्यांनी टिपले. झाडूमागचे माणूस त्यांनी जगाला दाखवले.

१९४८ पासून ‘लाइफ’ साप्ताहिकाचे ते पहिले काळे छायाचित्रकार झाले. १९६९ साली स्वतःच्या कादंबरीवर ‘द लर्निंग ट्री’ हा चित्रपट त्यांनी आपल्याच गावात चित्रित केला. हॉलिवूडच्या मोठ्या कंपनीचा चित्रपट दिग्दर्शित करणारे ते पहिले काळे अमेरिकन. कथा, पटकथा, संगीत, सारे त्यांचेच. १९७१ मध्ये ‘शाफ्ट’ आला. त्यात काळा माणूस नोकर नव्हता, नायक होता. २००६ साली ९३ व्या वर्षी पार्क्स गेले. कॅमेऱ्याला ते आपले हत्यार मानीत.

आपल्या घरांतही आता मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. लग्नाचे, वाढदिवसाचे फोटो ढीगभर असतात. पण आई कामावर असतानाचा, वडील गणवेशात असतानाचा फोटो किती घरांत आहे? मुलांनी तो जरूर काढावा. खाली नाव लिहावे, कामाची वर्षेही लिहावीत.