हरलेल्या संघाची रात्र

मागच्या वेळी आपण रूसोच्या हरणाच्या शिकारीपाशी थांबलो होतो. सगळ्यांनी आपापली जागा धरली तर हरीण मिळतं. एकजण सशामागे पळाला की संपलं. आता अमेरिकेतला ‘सर्व्हायव्हर’ घ्या. (हो, मीही पाहतो.) पहिलं पर्व २००० सालचं, मलेशियातल्या पुलाउ तिगा बेटावर. १६ माणसं, दोन संघ, ३९ दिवस. बक्षीस १० लाख डॉलर, तेही एकालाच.

अभयाच्या सांघिक स्पर्धेत हरलेला संघ रात्री मतदान करून आपल्यातल्याच एकाला घरी पाठवतो. म्हणजे बघा, ससा इथे लांब नाहीच, शेजारीच बसलाय. सुरुवातीला बहुधा दुबळा जातो, कारण उद्या पुन्हा एकत्र झुंजायचंय. पण पुढे दोन्ही संघांचा एक होतो, अभय ज्याचं त्याने मिळवायचं असतं, आणि काल ज्याच्या दंडावर सगळे तरले तोच डोळ्यांत खुपायला लागतो. माणूस तोच हं, नियम बदलला. त्या पर्वात ७२ वर्षांचे रूडी बोश शेवटच्या तिघांत होते, ते उगीच नाही. म्हाताऱ्याची धास्ती कोण घेतो!

आणि त्या पर्वात शेवटी दोघांतला विजेता ठरवायला बसली ती आधी बाहेर काढलेली सात माणसं. रिचर्ड हॅच जिंकला, ४ विरुद्ध ३ मतांनी.