फरशी बदलली, भाव बदलला का?

रीसेलच्या फ्लॅटची पाहणी करायला बँकेचा व्हॅल्युअर येतो, तेव्हा तो काय काय बघतो याकडे एकदा नीट लक्ष द्यावं. लेझर मीटरने खोल्यांची मापं घेतो आणि मंजूर नकाशाशी ताडून पाहतो. इमारत किती वर्षांची, मजला कितवा, लिफ्ट आहे का, समोरचा रस्ता किती रुंद, याच्या नोंदी करतो. मान वर करून स्लॅबला कुठे ओल धरलीय का ते बघतो. फरशीच्या वाट्याला त्याच्या अहवालात जेमतेम एक ओळ येते: 'फ्लोअरिंग: व्हिट्रिफाइड'. ती फरशी गेल्या महिन्यात बसवलेली आहे की बारा वर्षांपूर्वीची, याने त्या ओळीत फारसा फरक पडत नाही. मग तो आसपासच्या अलीकडच्या व्यवहारांवरून चौरस फुटाचा दर धरतो, इमारतीच्या वयाचा हिशेब करतो आणि आकडा लिहून मोकळा होतो.

असं असूनही फ्लॅट विकायचं ठरलं की घरात पहिला बेत होतो तो फरशीचा. 'दीड लाख घाला, पाच लाख वसूल होतील' हे शेजारी सांगतात, मेहुणे सांगतात, फरशीचं काम करणारा ठेकेदार तर सांगतोच. निवृत्तीच्या फंडातले पैसे काढून असा खर्च करणारी मंडळी बघितली की वाईट वाटतं, कारण त्यातले बरेचसे पैसे परत येत नाहीत.

गैरसमज: जितका खर्च, तितकी (किंवा त्याहून जास्त) किंमत वाढते

पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात फ्लॅटची किंमत म्हणजे मुख्यतः जागेची किंमत. इमारत दर वर्षी जुनी होत जाते आणि तिचं मोल घटत जातं. वाढतो तो जमिनीचा भाव. सरकारी हिशेबही याच वाटेने जातो. रेडी रेकनरचा दर ठिकाणावर आणि मिळकतीच्या प्रकारावर ठरतो, जुन्या बांधकामाला त्यात घसारा मिळतो. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि हे सरकारी मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. तुमच्या दिवाणखान्यात कोटा आहे की इटालियन मार्बल, हे त्या तक्त्यात कुठेच विचारलेलं नाही.

पण खरी अडचण कर्जापाशी येते. समजा, तुमच्या भागात तसा फ्लॅट ७६ लाखांना जातो आणि नव्या फरशीच्या जोरावर तुम्ही ८० लाख मागताय. घेणाऱ्याला घर आवडलं, तो तयारही झाला. बँकेच्या व्हॅल्युअरने मात्र ७६ लाखच लिहिले. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा बँक धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत. इथे ८० टक्के धरले, तर ६४ लाखांऐवजी ६० लाख ८० हजारच मिळतील. म्हणजे खिशातून घालायचे १६ लाख होते, ते १९ लाख २० हजार झाले. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली वेगळीच. नोकरदार माणसाला ऐन वेळी वरचे तीन-सव्वातीन लाख उभे करणं जड जातं आणि मग तो फरशीचं कौतुक बाजूला ठेवून घासाघीस करायला बसतो.

गैरसमज: फरशीवरचा खर्च दीडपट वसूल होतो, हे सिद्ध झालंय

हा समज कुठून आला असावा, याचा एक धागा सापडतो. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या २०२२ सालच्या अहवालात लाकडी जमीन घासून, पॉलिश करून घेण्याच्या खर्चाची १४७ टक्के वसुली होते असा अंदाज दिला होता. नवी लाकडी जमीन घालण्यासाठी तोच आकडा ११८ टक्के होता. हे आकडे हात बदलत आपल्याकडे पोचले आणि 'फरशी बदला, दीडपट मिळवा' असं त्यांचं रूप झालं. पण ते तिकडच्या घरांबद्दलचे आणि तिथल्या एजंट लोकांचे अंदाज आहेत. तिथली बहुतेक घरं स्वतंत्र, स्वतःच्या जमिनीवरची, आणि जमीन अस्सल लाकडाची. आपल्या सोसायटीतल्या सहाशे फुटी फ्लॅटला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

त्या अहवालातली एक गोष्ट मात्र आपण घ्यायला हवी होती, तीच नेमकी सुटली: नवी जमीन घालण्यापेक्षा असलेली जमीन नीट करून घेण्यातून जास्त हाती लागतं. १९७०-८०च्या इमारतींमधली मोझॅक फरशी आपण किती सहज उखडून टाकतो! तिच्यात संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. वर्षानुवर्षांच्या पोछ्याने ती काळवंडते, म्हणून ती वाया गेली असं लोकांना वाटतं. मशिनने आधी जाड, मग बारीक दगड फिरवून घासली, सांध्यांत सिमेंट भरलं आणि शेवटचं पॉलिश दिलं की तेच तुकडे पुन्हा चमकायला लागतात. चार-पाच दिवस घरभर पांढरा चिखल होतो खरा, पण नव्या फरशीच्या तुलनेत हा खर्च फारच थोडा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या बाबतीत तर घेणारा मूळच्या नक्षीदार सिमेंट फरशा शाबूत आहेत का हे आवर्जून बघतो. तिथे नवी चकचकीत टाइल घातली, तर घराचं मोल उलट कमी होतं.

या समजात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. घर बघायला येणारा माणूस व्हॅल्युअर नसतो. तो चपला काढून आत येतो आणि त्याच्या तळव्याला तुटकी, हलणारी फरशी लागते. त्याच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो: ठेकेदार शोधा, सोसायटीची परवानगी काढा, डेब्री उचलायला लावा, आणि काम होईपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही भरा. काम साठ हजारांचं असेल, तर तो भीतीपोटी दोन लाख कमी करायला सांगतो. म्हणून फुटक्या फरशा बदलाव्यात, पोकळ वाजणाऱ्या काढून पुन्हा बसवाव्यात, काळे पडलेले सांधे साफ करून नवं ग्राउट भरावं. याने भाव चढत नाही, पण पडायचा थांबतो आणि फ्लॅट लवकर जातो. भाड्याने द्यायच्या घराचंही हेच. भाडं ठरतं स्टेशनपासूनच्या अंतरावर, पाण्यावर, पार्किंगवर. स्वच्छ, सपाट फरशीमुळे घर रिकामं राहण्याचा काळ कमी होतो, एवढाच फायदा.

सगळी फरशी धड असताना ती विक्रीसाठी म्हणून बदलणं मात्र मला पटत नाही. तुमच्या आवडीची राखाडी टाइल येणाऱ्याला उदास वाटू शकते, आणि तो ती सहा महिन्यांत काढून टाकू शकतो.

गैरसमज: इमारत जुनी आहे, म्हणून तर आतून नवं करायचं

मुंबईत आणि पुण्यात आता याच्या नेमकं उलट होतं. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट घेणारा बहुतेकदा पुनर्विकासाकडे डोळे लावून असतो. नव्या इमारतीत किती जागा मिळणार, हे सभासदाच्या आजच्या कार्पेट एरियावरून ठरतं. विकासकाशी होणाऱ्या करारात कोणाच्या घरात कसली फरशी होती याला जागा नसते. इमारत पाडताना ती फरशी राडारोड्यात जाते. अशा फ्लॅटची किंमत वाढवायची असेल, तर सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज कुठे अडलाय, यासाठी सर्वसाधारण सभेत उभं राहणं जास्त उपयोगाचं. जमीन सोसायटीच्या नावावर झाली की प्रत्येक फ्लॅटचं पारडं जड होतं, आणि त्यासाठी घरात एकही टाइल बसवावी लागत नाही.

गैरसमज: जुनीवरच नवी घालू, कुणाला काय त्रास?

इथे थोडं थांबून हिशेब करू. जुन्या फरशीवर पुन्हा दोन इंच माल टाकून त्यावर व्हिट्रिफाइड टाइल बसवली, तर एका चौरस मीटरवर मालाचं सुमारे शंभर किलो आणि टाइलचं वीसएक किलो वजन वाढतं. ५०० चौरस फुटांचं घर म्हणजे साधारण साडेसेहेचाळीस चौरस मीटर. स्लॅबवर साडेपाच टनांचा नवा, कायमचा भार आला. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी माणसं, सामान वगैरेंचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. त्याच्या निम्म्याहून अधिक ओझं आपण नुसत्या फरशीने वाढवतो, तेही ज्या स्लॅबच्या सळया गंजल्या असतील अशा स्लॅबवर. टाइल ॲडहेसिव्हने थेट चिकटवल्यास हेच वजन चौरस मीटरला पंचवीसएक किलोवर येतं, म्हणजे पाचवा हिस्सा. पण खालची फरशी पक्की असेल तरच ही पद्धत टिकते. शिवाय जमीन जवळपास अर्धा इंच वर येते. दारं खालून तासावी लागतात आणि बाथरूमचा उंबरा जमिनीच्या पातळीला येऊन पाणी बाहेर यायला लागतं.

सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत हे सोपस्कार नव्हेत. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, आणि त्याहून जुन्या इमारतींचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं, त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. ते काम नुसत्या फरशीचं नव्हतं, पण 'आपल्या घरात आपण काहीही करू' ही समजूत तीच.

बाल्कनी खोलीत घेतली की जागा वाढली, हाही असाच एक समज. रेरा कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेट एरियात धरतच नाहीत. ती बंद केल्याने कागदावर एक फूटही वाढत नाही. मंजूर नकाशाशी तफावत मात्र तयार होते आणि व्हॅल्युअर ती अहवालात लिहितो.

मग विक्रीआधी हात लावायचाच असेल तर कुठे? माझ्या मते बाथरूमला. पण दिसण्यासाठी नव्हे, गळतीसाठी. खालच्या घरात छताला ओल उतरत असेल, तर सोसायटीकडे तक्रार जाते आणि ना-हरकत पत्राच्या वेळी ती बाहेर येते. घेणारा हुशार असेल तर खालच्या घराची बेल वाजवून विचारतोच. बाथरूमची फरशी उखडताना खालचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग फुटतं, म्हणून नुसती टाइल बदलून भागत नाही. कोबा पुन्हा करून नहाणी ट्रॅपकडे नीट उतार द्यावा, टाइल लावण्याआधी त्यात एक-दोन दिवस पाणी भरून ठेवावं आणि खालच्यांच्या छतावर डाग येतो का ते जाऊन बघावं. ठेकेदाराला हे दोन दिवस नको असतात. तुम्ही ते सोडू नका.

राहिली पावत्यांची गोष्ट. चोवीस महिन्यांहून जास्त काळ जवळ असलेलं घर विकल्यावर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून तो महागाईची वजावट न घेता साडेबारा टक्के आहे. त्याआधी घेतलेल्या घरासाठी रहिवासी व्यक्तीला वजावटीसह वीस टक्क्यांच्या जुन्या पद्धतीने हिशेब करून कमी बसेल तो कर भरता येतो. घरात कायमची भर घालणारा खर्च या नफ्यातून वजा मागता येतो. रंगकाम आणि किरकोळ दुरुस्ती त्यात बसत नाही. पूर्ण फरशी बदलली असेल, तर ती कुठल्या बाजूला पडते हे सीएला विचारून घ्यावं आणि त्यासाठी टाइलच्या दुकानाचं जीएसटी बिल, ठेकेदाराला बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद आणि सोसायटीचं परवानगीपत्र एकाच फायलीत ठेवावं. रोख पैसे देऊन कच्च्या चिठ्ठीवर काम उरकलं असेल, तर दाखवायला हातात काहीच राहत नाही.