दोन आंकड्यांची आणीबाणी

मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना पुणें-रस्ता आणि कल्याणहून येणारा रस्ता जेथें एकमेकांस मिळतात, त्या ठिकाणास शीळफाटा म्हणतात. येथूनच एक रस्ता डोंगराची सोंड ओलांडून महाप्याच्या औद्योगिक वसाहतींत उतरतो. ठाणें-तुर्भें मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या त्या २००४ सालीं. तोंपर्यंत कल्याण-डोंबिवलीकराला महाप्यास जाण्याची जवळची वाट हीच. एके काळीं त्या पट्ट्यांत रसायनांचे व यंत्रसामग्रीचे कारखानेच काय ते होते. आज तेथें संगणकाचें काम करणाऱ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांतील एका मोठ्या संकुलाचें नांव ‘मिलेनियम बिझनेस पार्क’ असें आहे. मिलेनियम म्हणजे सहस्रक. हें नांव ज्या काळाची खूण सांगतें त्या काळीं, म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस, जगांतील सरकारें एका विलक्षण संकटासाठीं तातडीनें पैसा मंजूर करीत होतीं. विलक्षण अशासाठीं, कीं पूर किंवा भूकंप सांगून येत नाहीं. हें संकट मात्र ठरलेल्या रात्रीं, घड्याळाच्या ठरलेल्या ठोक्याला यावयाचें होतें. असें असतां त्याला आणीबाणीचा पैसा कां लागावा, आणि त्या पैशाचा डोंबिवलीच्या घरांशीं संबंध तरी काय, हें पाहण्यासारखें आहे.

दोष अगदीं साधा होता. संगणकांत वर्ष लिहितांना शेवटचे दोनच आंकडे लिहीत. १९६५ च्या जागीं नुसते ६५. याला आळस म्हणणें अन्यायाचें होईल. प्रारंभींच्या काळांत माहिती भोकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर भरली जाई, आणि १९२८ पासून रूढ झालेल्या अशा कार्डावर अक्षरांस जागा असे ती अवघी ८०. त्या ऐंशींत माणसाचें नांव, खातें, रक्कम, तारीख सगळें बसवावयाचें. पुढें संगणक आले तेव्हां त्यांची स्मृतिहि फार महाग होती. लक्षावधि नोंदींतून प्रत्येकीं दोन आंकडे वाचविणें हा त्या वेळीं शहाणपणाचाच हिशेब होता. आपल्याकडील धनादेशांवर आणि पावत्यांवर ‘१९’ हे आंकडे आधींच छापलेले असत व पुढें मोकळी जागा असे, त्यांतलाच हा प्रकार.

माणसाला अशा लिहिण्यानें अडचण पडत नाहीं. ‘सत्तावनचें बंड’ म्हटलें कीं शाळकरी मुलालाहि १८५७ कळतें, आणि ‘बेचाळीसची चळवळ’ म्हटलें कीं १९४२. शतक कोणतें हें आपण संदर्भानें जाणतों. आपल्या पंचांगकर्त्यांनीं तर याहून अधिक सावधगिरी राखलेली आहे. संवत्सरांचीं नांवें साठ वर्षांनीं पुन्हां येतात, म्हणून पंचांगांत संवत्सराच्या नांवाबरोबर शकाचा पूर्ण आंकडा असतोच. ‘प्रमाथी नाम संवत्सर’ एवढ्यावर कोणी थांबत नाहीं, ‘शके १९२१’ हेंहि लिहितो. यंत्राला संदर्भ नसतो. त्याला ०० दिसलें कीं तें १९०० समजणार. मग १९३५ मध्यें जन्मलेल्या निवृत्त कारकुनाचें वय शून्यांतून पस्तीस वजा करून काढलें जाणार, आणि १९९८ मध्यें तीन वर्षांच्या मुदतीनें ठेवलेल्या ठेवीची मुदत ९७ वर्षांपूर्वींच संपली असें उत्तर निघणार. त्यांत आणखी एक गोम होती. १९०० हें लीप वर्ष नव्हतें; परंतु चारशेंनीं भाग जात असल्यामुळें २००० हें लीप वर्ष होतें. म्हणजे ०० ला १९०० समजणारें यंत्र २९ फेब्रुवारीचा दिवसच नाकारण्याचा संभव होता.

हा धोका कोणाला ठाऊक नव्हता असें नाहीं. बॉब बेमर या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९७१ सालींच लेख लिहून इशारा दिलेला होता. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्यानें १९८९ मध्यें दुरुस्तीला हातहि घातला, कारण वृद्धांचीं वेतनें काढणाऱ्या त्या खात्याचा सारा कारभार वयाच्या हिशेबावर चालतो. पण एका खात्यानें शहाणपण केलें म्हणून शेजारचें खातें जागें होत नाहीं. ज्या दुरुस्तीनें नवें कांहींच दिसावयाचें नाहीं, जिच्या यशाची खूण ‘कांहीं झालें नाहीं’ एवढीच असणार, तिच्यासाठीं अंदाजपत्रकांत पैसा मागणें कोणत्याहि अधिकाऱ्याला जड जातें. १९९६ मध्यें सिनेटर मॉयनिहान यांनीं अध्यक्ष क्लिंटन यांना पत्र लिहून या प्रश्नावर एक जबाबदार प्रमुख नेमण्याची निकड सांगितली. तशी समिति जॉन कॉस्किनेन यांच्या अध्यक्षतेखालीं निघाली ती १९९८ च्या फेब्रुवारींत. तोंवर घड्याळांत दोन वर्षेंहि उरलीं नव्हतीं. दरम्यान खर्चाचा अंदाज फुगत होता. १९९७ च्या आरंभीं अमेरिकन मध्यवर्ती सरकारनें स्वतःच्या यंत्रांसाठीं सुमारें २३० कोटि डॉलर लागतील असें म्हटलें होतें. १९९९ अखेर तो आंकडा ८०० कोटींच्या पलीकडे गेला.

येथें आणीबाणीच्या तरतुदीचा जन्म झाला. २१ ऑक्टोबर १९९८ रोजीं क्लिंटन यांच्या सहीनें जो प्रचंड खर्चाचा कायदा झाला, त्यांत तारखेच्या दोषासाठीं ३३५ कोटि डॉलर बाजूला काढलेले होते. २२५ कोटि मुलकी खात्यांना आणि ११० कोटि लष्कराला. या पैशाला ‘आणीबाणीचा’ हें विशेषण लावण्यांत अर्थशास्त्राची एक मेख आहे. त्या देशानें वार्षिक खर्चावर कायद्यानें मर्यादा घालून घेतली होती, आणि ती मर्यादा फक्त आणीबाणीच्या खर्चाला लागू नव्हती. एरव्हीं वादळ, पूर, युद्ध अशा प्रसंगीं वापरावयाचें हें दार शतकाच्या अखेरीसाठीं उघडण्यांत आलें. शतक संपणार हें कळावयाला हवामानखात्याची गरज नव्हती, असा टोमणा येथें मारतां येईल, आणि तो खोटाहि नाहीं. आणीबाणी तारखेची नव्हतीच. ती तीस वर्षांच्या दिरंगाईची होती. तथापि दिरंगाई झाल्यावर पैसा अडवून ठेवणें ही दुसरी चूक झाली असती, आणि ती टळली हें बरें झालें.

पैसा मंजूर झाला, पण तो ज्या कामावर खर्चावयाचा तें काम पैशानें आपोआप होणारें नव्हतें. जुनीं यंत्रें टाकून नवीं घ्यावीं, एवढ्यानें भागत नव्हतें. दोष यंत्राला चालविणाऱ्या आज्ञावलींत होता. त्या आज्ञावल्या पुष्कळशा कोबॉल नांवाच्या, १९६० च्या सुमारास व्यापारी हिशेबांसाठीं तयार झालेल्या भाषेंत लिहिलेल्या, लिहिणारे निवृत्त झालेले, टिपणें हरवलेलीं. लक्षावधि ओळी माणसानें वाचून त्यांतील तारखा हुडकावयाच्या. ‘तारीख’ असें नांव दिलेलें असेल तर सोपें. पण कोणी मुलाचें किंवा गांवाचें नांव देऊन तारीख साठविली असेल, तर ती कोठून सांपडावी? सांपडल्यावर दोनांच्या जागीं चार आंकडे करावयाचे. तें न जमल्यास एक पळवाट होती. ०० ते २९ आले तर २००० नंतरचें साल समजावें आणि ३० ते ९९ आले तर १९०० नंतरचें, असा नियम आज्ञावलींत घालावयाचा; सीमेचा आंकडा ज्यानें त्यानें सोयीप्रमाणें निवडला. म्हणजे सत्तावन व बेचाळीस ओळखण्याची आपली रीतच यंत्राला शिकविली म्हणावयाची. आणि शेवटीं सगळें पुन्हां तपासून पहावयाचें. तपासणीलाच निम्म्याच्या आसपास श्रम पडत.

असें हें काम बुद्धीचें होतें तितकेंच चिकाटीचें होतें. त्यासाठीं माणसें हवीं होतीं, आणि तीं अमेरिकेंत पुरेशीं नव्हतीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं ज्या कायद्यानें ३३५ कोटींची थैली उघडली, त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागानें परदेशी कुशल कामगारांस द्यावयाच्या ‘एच-वन-बी’ परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केली, ती १९९९ आणि २००० या दोन वर्षांसाठीं. थैली आणि दार एकाच सहीनें उघडलें. सरकारी थैलींतील पैसा थेट हिंदुस्थानांत आला असें मात्र समजूं नये. तो सरकारी खात्यांच्या कामासाठीं होता. पण सरकार आणि लष्कर एकदम बाजारांत उतरल्यावर तेथील जाणकार माणसांची टंचाई वाढणारच, आणि बँका, विमा कंपन्या, मोठे दुकानदार यांना दूरवर पाहणें भागच होतें.

दूरवर पाहिलें तेव्हां त्यांना मुंबई, पुणें, बंगळूर, मद्रास दिसलें. कोबॉल अमेरिकेंत म्हातारें झालें होतें. येथें तें शिकविणारे वर्ग जोरांत चालले होते. मुंबईंत अंधेरीला ‘सीप्झ’ हा निर्यातीसाठीं राखलेला विभाग १९७३ पासून होताच. शिवाय पृथ्वीचें फिरणेंहि उपयोगी पडलें: न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्या घड्याळांत साडेनऊ ते साडेदहा तासांचें अंतर असल्यामुळें, तेथील यंत्रें रात्रीं मोकळीं असत तेव्हां येथें कामाचा दिवस असे. डोंबिवली हें मूळचें कारकुनांचें, शिक्षकांचें, बँकेंतल्या नोकरांचें गांव. व्याज, मुदत, वय, वेतन यांचे हिशेब वडिलांनीं खतावणींत केले; तेच हिशेब, दुसऱ्या देशाच्या खतावणींतले, पुढच्या पिढीनें पडद्यावर तपासले. कोणी अंधेरीला जाऊन, कोणी परवाना घेऊन न्यू जर्सीला जाऊन. हें काम प्रतिष्ठेचें नव्हतें, दुसऱ्याच्या घरची गळती बुजविण्याचें होतें, असें कांहीं विद्वान् म्हणत. गळती बुजविणाऱ्याला घराची रचना कळते, हें ते विसरत. २००० नंतर तें काम संपलें आणि लगेच अमेरिकेंतील संगणक-धंद्याला मंदी आली. कित्येकांना परत यावें लागलें. परंतु ज्या बँकांच्या आज्ञावल्या एकदां ओळ न् ओळ वाचून झाल्या होत्या, त्यांचें पुढचें कामहि याच कंपन्यांकडे येऊं लागलें. महाप्याच्या काचेच्या इमारतींचा एक पाया हा आहे.

हिंदुस्थान सरकारनें स्वतःच्या देशासाठीं काय केलें? योजना आयोगाचे सदस्य माँटेकसिंग अहलुवालिया यांच्या प्रमुखत्वाखालीं एक कृतिदल नेमण्यांत आलें. खाजगी व्यापाऱ्यांसाठीं निवडलेला मार्ग अनुदानाचा नव्हता, करसवलतीचा होता. यशवंत सिन्हा अर्थमंत्री असतांना, १९९९ च्या वित्त अधिनियमानें, प्राप्तिकर कायद्याच्या ३६ व्या कलमांत एक उपकलम घातलें गेलें: १ एप्रिल १९९९ पासून ३१ मार्च २००० पर्यंत जो खर्च केवळ आपल्या धंद्यांतील संगणक नव्या सालास योग्य करण्यासाठीं होईल, तो उत्पन्नांतून वजा मिळावा. हिशेबतपासनिसाचा दाखला मात्र जोडावयाचा. कायद्याच्या व्याख्येंत विसाव्या व एकविसाव्या शतकांतील तारखा बरोबर हाताळणारी यंत्रणा असे शब्द आहेत. करकायद्यांत शतकांचा उल्लेख क्वचितच येत असेल. दोष या सवलतीचा एवढाच, कीं ज्या दूरदर्शी व्यापाऱ्यानें आधींच खर्च करून ठेवला, त्याला या उपकलमाचा कांहींच उपयोग नव्हता.

३१ डिसेंबर १९९९ ही शुक्रवारची रात्र आली आणि गेली. दिवे चालू राहिले, टेलिफोन चालू राहिले. अमेरिकेच्या नौदलाच्या वेधशाळेच्या संकेतस्थळावर सालाच्या जागीं १९१०० असा आंकडा उमटला, याची सर्वत्र करमणूक झाली. त्याच देशाच्या हेर-उपग्रहांकडून येणारी माहिती कांहीं दिवस नीट मिळाली नाहीं, ही गोष्ट त्या मानानें करमणुकीची नव्हती. मग साहजिकच प्रश्न निघाला: पैसा फुकट गेला काय? इटलीसारख्या देशांनीं उशिरां व थोडीच तयारी केली, त्यांचेंहि फारसें बिघडलें नाहीं, हा आक्षेप वजनदार आहे. त्याचें एक उत्तर असें, कीं विकत घेतलेल्या आज्ञावल्या विकणाऱ्यांनीं सर्वांसाठींच दुरुस्त केल्या होत्या. मागाहून जागे झालेल्यांना पुढच्यांच्या खर्चाचा लाभ झाला.

दुसरें उत्तर इंग्लंडांतील शेफील्ड येथें मिळतें. तेथील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत गर्भवती स्त्रियांच्या तपासणीवरून, होणाऱ्या मुलाला डाऊन्स सिंड्रोम हा जन्मजात विकार असण्याचा संभव किती, हें संगणक सांगत असे. या गणितांत आईचें वय सर्वांत महत्त्वाचें. जानेवारी २००० मध्यें तें वय चुकूं लागलें. उत्तरें मात्र नेहमींसारखींच छापून येत होतीं, म्हणून मे महिन्यापर्यंत कोणाला शंका आली नाहीं. दीडशेहून अधिक स्त्रियांना चुकीचें उत्तर मिळालें. ज्यांना धोका होता त्यांना तो नाहीं असें सांगण्यांत आलें. विमानें कोसळतील, बँका बुडतील अशी जी भीति वर्तमानपत्रांनीं घातली होती, तिच्याशीं याचा कांहीं संबंध नाहीं. तारखेचा दोष असाच असतो. तो यंत्र बंद पाडीत नाहीं. यंत्र चालूं देऊन खोटें बोलावयास लावतो. बंद पडलेल्या दिव्यापेक्षां तो अधिक भयंकर, कारण त्याला शोधावयास कोणी निघत नाहीं. ज्या कोट्यवधि डॉलरांचें फळ दिसलें नाहीं म्हणून तक्रार होती, ते अशाच न दिसणाऱ्या चुका शोधण्यांत गेले होते.

सीमेचा आंकडा ठरवून केलेल्या दुरुस्त्या तात्पुरत्याच आहेत. ०० ते २९ चा नियम लावलेली आज्ञावली २०३० सालास १९३० म्हणणार. तिच्याखेरीज आणखी एक दोष वाट पाहत आहे. संगणकांच्या एका मोठ्या कुळांत काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांनीं, आणि जुन्या रचनेंत ही संख्या २,१४,७४,८३,६४७ च्या पुढें जाऊं शकत नाहीं. त्यानंतरच्या सेकंदाला यंत्र १९०१ च्या डिसेंबरांत जाऊन पोहोंचतें. नव्या संगणकांत ही मर्यादा काढून टाकलेली आहे. परंतु कारखान्यांतील नियंत्रक, मोजमापाचीं उपकरणें, भिंतींत बसवून विसरून गेलेल्या पेट्या यांच्यांतील आज्ञावली सहसा कोणी बदलीत नाहीं. तो क्षण भारतीय वेळेप्रमाणें १९ जानेवारी २०३८ रोजीं सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं येतो. त्या दिवशीं मंगळवार आहे.