मेणबत्तीचा उजेड मोजायचा की तिचा वेळ?

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "हे तुम्ही मोजणार कसं?" विद्यापीठ कोणतंही असो, विषय कितीही भारी असो, उमेदवार अडखळतो तो इथेच. पेटची लेखी परीक्षा पाठांतरावर निघून जाते, पण या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नसतं. विषय निवडणं आणि त्यातली मोजण्याजोगी गोष्ट निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम चुकलं तर दोन-तीन वर्षं गोळा केलेली माहिती भलत्याच प्रश्नाचं अचूक उत्तर देत बसते.

आज फक्त या दुसऱ्या कामाबद्दल बोलू. उदाहरण मुद्दाम छोटं घेतलंय: एका सर्व्हायव्हल गेममध्ये खेळाडूला स्वतः बनवता येईल अशी मेणबत्ती टाकायची. सर्व्हायव्हल गेम म्हणजे ज्यात लाकूड, दगड, अन्न गोळा करायचं, त्यातून वस्तू बनवायच्या आणि रात्र पडली की जीव वाचवायचा. अशा गेममध्ये उजेड म्हणजे शोभेची वस्तू नाही, जगण्याचं साधन आहे. तुमचा विषय इतिहास असो, शिक्षणशास्त्र असो की संगणकशास्त्र, या मेणबत्तीला शेवटपर्यंत धरून ठेवा. मुद्दा सगळ्यांना लागू आहे.

मेणबत्ती तीच, अर्थ बदलला

खरं उदाहरण माइनक्राफ्टचं. या गेममध्ये मेणबत्ती आली 8 जून 2021 ला, 1.17 या आवृत्तीत. बनवायची रीत साधी आहे: मधमाशांच्या पोळ्याचा एक तुकडा आणि एक दोरा. एका चौकोनात चारपर्यंत मेणबत्त्या ठेवता येतात. एक मेणबत्ती 3 अंकांचा उजेड देते, दोन 6, तीन 9 आणि चार 12. मशालीचा उजेड 14. मशाल बनते एका काडीपासून आणि एका कोळशापासून, आणि तेवढ्यात एक नाही, चार मशाली मिळतात.

म्हणजे मेणबत्ती महाग आणि मंद, मशाल स्वस्त आणि प्रखर. मग मेणबत्ती कशाला? तुमच्या डोक्यात हा प्रश्न आला असेल तर तुम्ही संशोधनाच्या उंबरठ्यावर आहात. पण लगेच उत्तर देऊ नका. आधी बघा, "मेणबत्ती किती उपयोगी" हे मोजणार कसं?

एक सोपं माप घेऊ. या गेममध्ये अंधारात झॉम्बी वगैरे शत्रू तयार होतात. मग जमिनीखालच्या सपाट मोकळ्या जागेत एका मेणबत्तीमुळे किती चौकोन सुरक्षित होतात ते मोजू. गेममधला उजेड दर चौकोनाला एका अंकानं कमी होतो आणि तिरका न जाता सरळ चौकोन-चौकोन करत सरकतो. त्यामुळे हे गणित वहीच्या चौकटीच्या पानावरही करता येतं.

1.17 मध्ये नियम असा होता की उजेड 7 किंवा त्याहून कमी असेल तर शत्रू येऊ शकतो. म्हणजे सुरक्षित व्हायला किमान 8 हवा. त्या नियमानं एका मेणबत्तीनं सुरक्षित झालेले चौकोन: 0. दोन मेणबत्त्यांचेही 0. तीन एकत्र ठेवल्या तर 5, चार ठेवल्या तर 41. मशालीचे 85.

मग 30 नोव्हेंबर 2021 ला 1.18 आवृत्ती आली आणि नियम बदलला: उजेड अगदी 0 असेल तरच बहुतेक शत्रू तयार होतात. आता तीच एक मेणबत्ती 13 चौकोन सुरक्षित करते. दोन 61, तीन 145, चार 265. मशाल 365.

मेणबत्ती बदलली नाही. तिची कृती, तिचा 3 हा आकडा, काहीच बदललं नाही. तरी सहा महिन्यांच्या आत "एक मेणबत्ती पूर्ण निरुपयोगी" या निष्कर्षाचा "एक मेणबत्ती छोट्या खोलीला पुरते" असा निष्कर्ष झाला. म्हणजे उपयोगीपणा वस्तूच्या आत नव्हता. तो वस्तू आणि भोवतालचा नियम यांच्या नात्यात होता. सिनॉप्सिसमध्ये "अमुक योजनेची परिणामकारकता" असं लिहिताना हे आठवा. कोणत्या नियमाखाली, कोणत्या काळात, कशाच्या तुलनेत? हे तीन शब्दसमूह नसतील तर "परिणामकारकता" हा शब्द रिकामा आहे.

आकड्यामागचं गृहीतक

वरच्या आकड्यांत आणखी एक गंमत आहे. एक मेणबत्ती 13 चौकोन उजळते आणि चार एकत्र ठेवल्या तर 265. मेणबत्त्या चौपट, जागा वीसपट! घरात असं होतं का?

होत नाही. खऱ्या मेणबत्तीची तेजस्विता साधारण 1 कँडेला असते. तिच्यापासून 1 मीटरवर साधारण 1 लक्स उजेड पडतो आणि 2 मीटरवर त्याचा चौथा भाग. अंतर दुप्पट, उजेड पाव. चार मेणबत्त्या एकत्र लावल्या तर तेवढाच उजेड दुप्पट अंतरापर्यंत पोचतो, म्हणजे उजळलेलं क्षेत्रफळ चौपट होतं. वस्तू चौपट, जागा चौपट.

गेममधला नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो संगणकाला झटपट मोजता यावा आणि खेळाडूला सहज समजावा म्हणून तसा ठेवलेला आहे. पण कुणी फक्त गेममधले आकडे घेऊन "मेणबत्त्या एकत्र लावणं फायद्याचं" असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष मेणबत्तीबद्दल नसतो, त्या नियमाबद्दल असतो. प्रश्नावलीतली पाच पर्यायांची पट्टी, गुणांकनाची पद्धत, निर्देशांक, ही सगळी आपापल्या परीनं असे नियमच आहेत. निकाल वाचताना दर वेळी विचारा: हे जगातून आलं की मी वापरलेल्या मापातून?

जे मोजायचं राहून गेलं

आता मूळ मुद्दा. आतापर्यंत आपण उजेड म्हणजे "जागा" असं धरलं. किती चौकोन उजळले, एवढंच मोजलं. पण मेणबत्तीची सगळ्यात ठळक गोष्ट कोणती? ती संपते.

माइनक्राफ्टमधली मेणबत्ती संपत नाही. एकदा पेटवली की कितीही दिवस जळत राहते. खऱ्या जगात मात्र मेणबत्तीच्या व्याख्येतच वेळ आहे. ब्रिटनमध्ये 1860 च्या कायद्यानं उजेडाचं प्रमाण ठरवलं ते असं: स्पर्म व्हेल या देवमाशाच्या मेणापासून केलेली, एक षष्ठांश पौंड वजनाची आणि तासाला 120 ग्रेन, म्हणजे जवळपास 7.8 ग्रॅम जळणारी मेणबत्ती. उजेड किती हे सांगायला आधी ती किती वेगानं संपते हे सांगावं लागलं. हिशेब केला तर अशी मेणबत्ती सुमारे पावणेदहा तास चालेल.

दुसरे गेम ही गोष्ट धरतात. 'डोन्ट स्टार्व्ह' या गेममध्ये पूर्ण अंधारात उभं राहिलं की खेळाडूवर हल्ला होतो आणि हातातली मशाल सव्वा मिनिटात संपते. तिथे खेळाडू "किती दूरपर्यंत दिसतंय" याचा विचार कमी करतो, "किती वेळ उरलाय" याचा जास्त. दोन्ही गेममध्ये शब्द एकच, उजेड. पण त्यामागची संकल्पना वेगळी.

संशोधनाच्या भाषेत याला संकल्पना-वैधतेचा प्रश्न म्हणतात. सोप्या मराठीत: ज्याचं नाव घेता तेच मोजताय का?

केदारखेड्यातली मेणबत्ती

संकल्पना कुठून येते? पुस्तकातून येते, तशी ज्यांच्याबद्दल अभ्यास आहे त्या माणसांकडूनही येते. समजा, तुमचा अभ्यास केदारखेड्यासारख्या गावातल्या खेळाडूंवर आहे. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातलं हे गाव. लोडशेडिंगची वर्षं मराठवाड्यातल्या कुठल्याही गावानं भोगलेली आहेत. लाईट गेली की मेणबत्ती लावायची आणि मग घरातलं मोठं माणूस म्हणायचं, "अभ्यास झाला असंल तर विझव ती, सैपाकाला लागंल." या वाक्यात उजेड किती याचा उल्लेखच नाही. आहे तो उरलेल्या तुकड्याचा हिशेब.

म्हणजे इथल्या खेळाडूसाठी मेणबत्तीची संकल्पना कदाचित "काटकसर" ही आहे. कदाचित म्हणतोय, कारण हे अजून गृहीतक आहे, निष्कर्ष नाही.

"स्वतः बनवता येणारी" हा शब्दही तपासा. वात कापसाची, कापूस शिवारात पिकतो. मेण आग्या मोहोळाच्या पोळ्यातून निघेल. पण गावात मेणबत्ती घरी बनत नव्हती, किराणा दुकानातून यायची. घरी बनायची ती चिमणी: औषधाची रिकामी बाटली, झाकणाला भोक, त्यातून चिंधीची वात, आत रॉकेल. गावावर बेतलेल्या गेममध्ये मेणबत्ती बनवायला दिली आणि चिमणी दिलीच नाही, तर खेळाडू कृती शिकतील, पण ओळखीची गोष्ट म्हणून वापरतील का? परदेशी संशोधनातलं साधन भाषांतर करून आपल्याकडे वापरतो तेव्हा हीच अडचण येते. शब्द मराठी होतो, संकल्पना तिकडचीच राहते.

मग मोजायचं कसं?

आता "काटकसर" ही संकल्पना मोजण्याजोगी करू. कार्यात्मक व्याख्या अशी: गरज नसताना खेळाडूनं पेटलेली मेणबत्ती स्वतःहून किती वेळा विझवली. बघा, हे मोजता येतं, दोन निरीक्षक स्वतंत्रपणे मोजू शकतात, आणि घरात ऐकलेल्या त्या वाक्याशी त्याचं नातं आहे. "गरज नसताना" म्हणजे काय हेही आधी ठरवून लिहा, नाहीतर प्रत्येक निरीक्षक आपापला अर्थ लावेल.

गेमच्या तीन आवृत्त्या करा. पहिलीत मेणबत्ती कधीच संपत नाही. दुसरीत ती संपते आणि किती उरली ते दिसतं. तिसरीत ती संपते पण किती उरली ते दिसत नाही. उजेडाचा आकडा तिन्हीत सारखाच. पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीतला फरक संपण्यामुळे आणि उरलेलं दिसण्यामुळे मिळून पडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक फक्त दिसण्यामुळे, आणि पहिल्या आणि तिसऱ्यातला फक्त संपण्यामुळे. एका तुलनेत एकच गोष्ट बदललेली हवी, हा नियम विसरू नका.

यासाठी पैसे लागत नाहीत. लुआंटी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पूर्वीचं नाव माइनटेस्ट. त्यात लुआ भाषेत थोडा कोड लिहून अशी मेणबत्ती टाकता येते आणि साध्या लॅपटॉपवर ते चालतं.

काही काळज्या घ्या. कोण कोणती आवृत्ती खेळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिली काही मिनिटं सरावाची समजा, कारण नवीन वस्तू दिसली की माणूस उगाच पेटवतो-विझवतो. माइनक्राफ्ट आधी खेळलेल्यांची वेगळी नोंद ठेवा. "मेणबत्ती संपत नाही" ही सवय ते सोबत घेऊन येतात. सहभागी अठरा वर्षांवरचे घ्या आणि त्यांची लेखी संमती घ्या. मुलांवर अभ्यास करायचा तर पालकांची संमती लागते. आणि खेळून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारा: "मेणबत्ती का विझवली?" कुणी "सहज बटण दाबलं" म्हणालं तर ती काटकसर नव्हे. आकडा सारखाच दिसतो, अर्थ वेगळा असतो. तो फरक हा प्रश्नच पकडतो.

आणि तिन्ही आवृत्त्यांत फरक दिसलाच नाही तर? तर तुमचं गृहीतक पडलं. पडू द्या. पडू शकतं असं गृहीतक मांडलं म्हणूनच ते संशोधन आहे. कोणत्याही निकालात बरोबरच ठरणारं गृहीतक समितीपुढे नेऊ नका. अनुभवी मार्गदर्शक ते दोन मिनिटांत ओळखतात.

मुलाखतीच्या आधी

आज एक काम करा. तुमच्या विषयातला सगळ्यात मोठा शब्द निवडा: सक्षमीकरण, जागरूकता, गुणवत्ता, परिणाम, जो असेल तो. त्याखाली तीन ओळी लिहा. पहिली: ज्यांच्यावर अभ्यास आहे ती माणसं या गोष्टीबद्दल स्वतःच्या शब्दांत काय म्हणतात? दुसरी: हे घडलं असं मी कोणत्या दिसणाऱ्या कृतीवरून म्हणेन? तिसरी: ती कृती दिसली, पण कारण वेगळंच होतं, असं कधी होऊ शकतं?

पहिली ओळ लिहिता आली नाही तर वाचन थांबवा आणि आधी माणसांशी बोला. दुसरी आली नाही तर शब्द लहान करा. तिसरी आली नाही तर अजून थोडा विचार करा, कारण मुलाखतीत समोरचे तिथूनच सुरुवात करणार आहेत. तिन्ही ओळी लिहून झाल्या असतील, तर "हे तुम्ही मोजणार कसं?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वहीत तयार आहे.