नाकातून वारंवार रक्त : साधा घोळणा की दुर्मीळ गाठ?

उन्हाळ्यात मुलाचा घोळणा फुटला की डोक्यावर पाणी थापायचे, कांदा हुंगवायचा आणि ‘उष्णता झाली’ म्हणून विषय सोडून द्यायचा, ही घरोघरची रीत. बहुतेक वेळा ते खपूनही जाते. कारण नाकाच्या पडद्याच्या पुढील भागातील एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी फुटलेली असते. मात्र किशोरवयीन मुलाची एकच नाकपुडी सतत चोंदलेली राहत असेल आणि मार न लागताही त्याच बाजूने वारंवार रक्त वाहत असेल, तर आत रक्तवाहिन्यांची गाठ नाही ना, हे तपासलेच पाहिजे.

अशा गाठींपैकी सर्वांत गंभीर म्हणजे ‘ज्युवेनाईल नेझोफॅरिंजियल अँजिओफायब्रोमा’. ती जवळजवळ केवळ मुलग्यांनाच, साधारणतः दहा ते वीस या वयात होते. डोके व मानेच्या एकूण गाठींमध्ये तिचे प्रमाण ०.५ टक्क्यांहूनही कमी आहे. हा कर्करोग नव्हे. तरीही नाकाच्या मागील भागात उगम पावलेली ही गाठ वाढत वाढत गालामागे, डोळ्याच्या खोबणीत आणि प्रसंगी कवटीच्या आतही शिरते.

नाकातील साधा मांसांकुर समजून तिचा तुकडा तपासणीसाठी काढणे धोक्याचे ठरते. गाठीतील रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आकुंचन पावणारा स्नायूंचा थर अपुरा असल्याने रक्तस्राव आवरत नाही. म्हणून दुर्बिणीने पाहणी केल्यानंतर सीटी स्कॅन व एमआरआय करूनच निदान केले जाते. सायनसची मागील भिंत पुढे ढकललेली दिसणे, ही तिची ठळक खूण.

शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी सरकवून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बंद करतात. त्यानंतर, शक्य तेथे चेहऱ्यावर छेद न घेता, नाकातूनच दुर्बिणीच्या साहाय्याने गाठ काढली जाते. ती पुन्हा उद्भवू शकते. त्यामुळे पुढील काही वर्षे नियमित तपासणी अटळ असते.

नाकाच्या पडद्यावर होणारी रक्तवाहिन्यांची लहान लालसर गाठ, अर्थात हिमँजिओमा, त्या मानाने सौम्य. ती गर्भवतींमध्येही आढळते आणि अनेकदा प्रसूतीनंतर आपोआप आक्रसते. तसे न झाल्यास मुळासकट काढणे हाच उपाय.

मोठ्या गाठीचा उपचार हे एकट्या डॉक्टरचे काम नव्हे. कान-नाक-घसा शल्यविशारद, रेडिओलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी यांची सांगड लागते. भोपाळमध्ये १९५५ साली स्थापन झालेल्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न हमीदिया रुग्णालय आणि २०१२ मध्ये सुरू झालेले एम्स यांसारख्या मोठ्या सार्वजनिक संस्थांचे मोल ग्रामीण रुग्णांसाठी येथेच कळते. गोव्यातील पालकांनीही असे लक्षण दिसताच बांबोळीच्या गोमेकॉत किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे मुलाला दाखवावे.

तोवर घरी रक्त आल्यास मुलाला बसवून किंचित पुढे झुकवावे, नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे चिमटीत धरावा आणि तोंडाने श्वास घेण्यास सांगावे. मान मागे टाकू देऊ नये. रक्त घशात उतरते. एवढ्याने रक्त न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.