आवाज मोठा नको, स्वच्छ हवा

गेल्या ईदला आम्ही घरी साउंड सिस्टिम आणली. खोका मोठा, त्यावर वॅटचा आकडाही मोठा. संध्याकाळी नात लावली, तेव्हा अब्बा म्हणाले, "बेटा, धडधड ऐकू येते; शब्द कुठे आहेत?" आवाज वाढवला, तरी शब्द लागेनात.

आम्ही आकड्याला भुललो होतो. 'पीएमपीओ' हा क्षणभराच्या जोराचा, जाहिरातीपुरता आकडा. यंत्र सतत देऊ शकते ती ताकद म्हणजे 'आरएमएस'. तोच विचारा. दुकानात ओळखीचा आवाज लावून पाहा, उदाहरणार्थ बेगम अख्तर यांची गझल. शब्द, श्वास आणि हार्मोनियम वेगवेगळे कळले, तर यंत्र चांगले.

घरी आल्यावर अर्धे काम खोली करते. दोन स्पीकर आणि आपली बैठक यांचा समभुज त्रिकोण साधावा. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीवर यावा. कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो. उघडी फरशी आणि रिकाम्या भिंती आवाज घुमवतात; जाजम आणि जाड पडदे तो शोषून घेतात.

आवाजालाही हद्द हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज प्रौढांनी आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा हक्क तर त्याआधीच सुरू होतो.

आम्ही यंत्र बदलले नाही. स्पीकर कोपऱ्यातून काढले, बास कमी केला, जाजम अंथरले. आता आवाज पूर्वीच्या निम्म्यावर असतो, आणि नात ऐकताना अब्बांचे ओठ शब्दाशब्दाला हलतात.